बाभळीचा कांटा आणि अंगचे पहारेकरी

पुणतांबा हें गोदावरीकांठचें गांव चांगदेवांच्या समाधीमुळें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. चांगदेवांनीं योगबळानें मृत्यूस वारंवार परत पाठविलें आणि ते चौदाशें वर्षें जगले, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. कथा कथेपाशीं राहो. परंतु त्याच गांवच्या शिवारांत बांधावरून अनवाणी जाणाऱ्या एखाद्या पोराच्या तळपायांत बाभळीचा कांटा मोडला, तर मृत्यूस परत पाठविण्याची एक लहानशी झुंज खरोखरच सुरू होते. कांट्याबरोबर मातींतील जंतु आंत शिरतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. पुढें पू धरतो. आई घाबरून म्हणते, "पाय बिघडला!" परंतु ती सूज म्हणजे शरीराचे पहारेकरी कामावर आल्याची खूण होय, आणि पू म्हणजे बव्हंशीं त्या झुंजींत पडलेल्या पांढऱ्या पेशी.

शरीराचें संरक्षण दुहेरी असतें. एक शिकून येणारें : गोवर एकदां होऊन गेला किंवा त्याची लस टोंचली, म्हणजे शरीर तो शत्रु लक्षांत ठेवतें. ही ओळख पटण्यास कांहीं दिवस लागतात. दुसरें उपजत : तें तान्ह्या मुलाच्या अंगींही असतें आणि घटकाभरांत धांवून येतें. रोगजंतु नवा असो वा जुना, त्याच्या कवचावरील ठराविक खुणा पाहूनच तें त्याजवर तुटून पडतें.

या दुसऱ्या संरक्षणाचा शोधही एका कांट्यापासूनच लागला. सन १८८२ मध्यें सिसिलीतील मेसिना येथें रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनीं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचा कांटा टोंचला. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! १९०८ सालीं त्यांना एर्लिख यांजसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचेच शिष्य हाफकिन मुंबईस आले आणि प्लेगची लस त्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेंच नांव मिरवीत आहे. शिष्याची लस शरीरास शिकविणारी होती. गुरूचा उपजत पहारेकरी मात्र पुढें बरींच वर्षें मागें पडला.

हे पहारेकरी शत्रु ओळखतात कसे, याचा उलगडा शतकाअखेरीस झाला. १९९६ सालीं हॉफमन यांनीं दाखविलें कीं, 'टोल' नांवाचा आनुवंशिक घटक बिघडला असतां फळमाशी बुरशीच्या रोगानें मरते. १९९८ मध्यें बॉयटलर यांना उंदरांत तशीच योजना आढळली. २०११ च्या नोबेल पारितोषिकांत या दोघांचाही वांटा होता.

आज या विद्येची निकड आहे, कारण जंतु एकामागून एक औषधांना दाद देईनासे झाले आहेत. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनीं त्याआधीं, १९२२ सालीं, नाकांतील शेंबूड व अश्रु यांमध्यें जंतुनाशक द्रव्य दाखविलें होतें. अशीं कित्येक लहान प्रथिनें प्राणी व वनस्पति यांच्या ठायीं असतात. त्यांपैकीं अनेक जंतूच्या आवरणालाच भोंक पाडतात. परळच्याच राष्ट्रीय प्रजननस्वास्थ्य संशोधन संस्थेंत अशा प्रथिनांची एक मोठी नोंदवही संगणकावर तयार झाली आणि २०१० सालीं ती जगापुढें आली. नवें प्रथिन जंतुनाशक ठरण्याचा संभव कितपत आहे, याचा अंदाज तिच्या आधारें आधींच बांधतां येतो. तथापि वाट सोपी नाहीं. बेडकाच्या कातडींतील प्रथिनावरून मधुमेह्यांच्या पायांवरील जखमांसाठीं केलेल्या मलमास अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनीं १९९९ मध्यें संमति नाकारली. प्रचलित औषधाहून तें सरस ठरलें नव्हतें.

शिवाय पहारेकरी चेकाळले तर घराचाच नाश करतात. कोविडच्या सांथींत २०२० सालीं ब्रिटनमधील मोठ्या चांचणींत डेक्सामेथासोन हें दाह शमविणारें स्वस्त औषध वापरलें गेलें. यंत्राच्या साहाय्यानें श्वास घेणाऱ्यांमधील मृत्यु त्यामुळें सुमारें एकतृतीयांशानें घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ दिसला नाहीं. पहारेकऱ्यास केव्हां जागवावें आणि केव्हां आवरावें, हाच या नव्या वैद्यकाचा कळीचा प्रश्न आहे.

पुणतांब्याच्या त्या पोराचा कांटा मात्र आजच काढावयास हवा. जखम साबणपाण्यानें धुवावी आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, हें डॉक्टरांना दाखवून पाहावें. कारण त्या रोगाच्या विषापुढें उपजत पहारेकऱ्याचें कांहीं चालत नाहीं. सूज वर चढूं लागली किंवा ताप आला, तर घरगुती लेपावर विसंबूं नये. पहारेकरी कितीही इमानी असला, तरी घरधन्यानें दाराला कडी ही घातलीच पाहिजे.