परसातलं गोल्डफिशचं तळं

परसात गोल्डफिशचं छोटं तळं थोड्या खर्चात होतं. अर्धवट सावलीत दोन फूट खोल खड्डा खणा, टोकदार दगड वेचून काढा, तळाशी जुनी पोती अंथरा आणि त्यावर शेततळ्याला वापरतात तो जाड प्लॅस्टिक कागद पसरा. क्लोरीनयुक्त नळाचं पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवा. क्लोरीन उडून जातो. सुरुवातीला दोनच मासे सोडा, कारण त्यांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. खंड्या-बगळ्यांपासून बचावासाठी वर जाळी ताणा. आणि एक कळकळीची विनंती: नकोसे झालेले मासे नदी-तलावात सोडू नका, तिथल्या देशी माशांना त्यांच्यामुळे धोका पोहोचतो.