देवमाशाचा श्वास

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कॅलिफोर्नियातील अनुभव’ असं छापलंय. ते वाचून पुढच्या रांगेतल्या दोघांनी घड्याळाकडे पाहिलं, तेही मी बघितलं. घाबरू नका. कंपनी, पगार, तिथले गुळगुळीत रस्ते यांतलं काहीही मी बोलणार नाही. मला फक्त अर्ध्या दिवसाची एक गोष्ट सांगायची आहे. बोटीत बसून देवमासे बघायला गेलो होतो, त्याची. पण त्या गोष्टीच्या पोटात आपल्या वर्गातली बत्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे, आणि खरं म्हणजे ती सांगायलाच मी आले आहे.

म्हणून आधी जुनी गोष्ट.

नववीची सहल आठवते ना? डिसेंबर १९९३. लाल एसटी, घाटात निम्म्या वर्गाने केलेल्या उलट्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गणपतीपुळे झालं, थिबा राजवाडा झाला आणि मग रत्नागिरीचं मत्स्यालय. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. सर, तुम्ही त्याच्यासमोर आम्हाला उभं करून सांगत होतात की हा नावाचा मासा. प्रत्यक्षात सस्तन प्राणी. याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. श्वास घ्यायला याला वर यावंच लागतं.

तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “सर, मी त्याचा श्वास ऐकलाय.”

तो शेवटच्या बाकावर बसायचा. वर्गात फारसा बोलायचा नाही. त्याचे मामा किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहायचे, मासेमारी करायचे. तो म्हणाला, “मे महिन्यात मामाच्या होडीत होतो. रात्री इंजिन बंद करून जाळ्यापाशी थांबलो होतो. आधी श्वास ऐकू आला. मग वास आला. दिसलं काहीच नाही. मामा म्हणाले, देवमासा आहे, गप बस.”

आणि मी, वर्गाची मॉनिटर, पहिला नंबर कधी न सोडणारी, मोठ्याने म्हणाले, “म्हैस पोहत आली असेल!”

सगळा वर्ग हसला. एसटीत परत येईपर्यंत त्याचं नाव ‘म्हैसमासा’ पडलं होतं. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण शाळेच्या हस्तलिखितात सहलीचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी दोन परिच्छेद त्याच्यावर लिहिले, सुंदर अक्षरात, वर म्हशीचं चित्र काढून. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत ते नाव त्याला चिकटून राहिलं. आणि त्या सहलीनंतर त्याने वर्गात कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

सर तेव्हा एवढंच म्हणाले होते, “तो खोटं बोलतोय हे कशावरून? तुमच्यापैकी कोण गेलं होतं रात्री समुद्रात?” कुणीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, सर त्याची बाजू सांभाळून घेत आहेत.

आता नवी गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. आम्ही सॅन होजेजवळ राहतो. तिथून दक्षिणेला गाडीने दीड तासावर माँटेरे नावाचं गाव आहे, समुद्राच्या एका मोठ्या उपसागरावर. पंधरा वर्षं इतक्या जवळ राहून आम्ही तिथे देवमासे बघायला गेलो नव्हतो. दर वेळी काहीतरी रिलीज, काहीतरी मीटिंग. शेवटी लेकीनेच तिकिटं काढायला लावली. चार तासांची फेरी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता तिकडे आहेत, म्हणून कामाचं आधी सांगून टाकते. बोट लागते, नक्की लागते. गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. उपाशीही जायचं नाही आणि मिसळ खाऊनही नाही. बोटीच्या मागच्या भागात किंवा मधे उभं राहायचं आणि नजर क्षितिजावर ठेवायची, फोनमध्ये नाही. आणि ऑगस्ट असला तरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी हवीच. माझे यजमान ‘उन्हाळ्यात कसली थंडी’ म्हणून टी-शर्टवर आले आणि चारही तास इंजिनाच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

थंडीचं कारण तेच, जे देवमासे तिथे येण्याचं कारण आहे. त्या उपसागराच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. मॉस लँडिंग नावाच्या बंदराच्या अगदी तोंडाशी ती सुरू होते आणि समुद्रात पुढे पुढे जात साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल होते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी तिच्यात बुडून जातील. वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्याच्या कडेने वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. त्यात तळाशी साचलेलं सगळं खत असतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर कोळंबीसारखे बारीक क्रिल, आणि अँकव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातला मासा. त्या थव्यांमागे हंपबॅक देवमासे येतात. थंडीत तिथे ग्रे व्हेल दिसतात, पण ते वाटसरू; आर्क्टिककडून मेक्सिकोच्या खाड्यांत पिल्लं घालायला निघालेले. उन्हाळ्यातले हंपबॅक मात्र जेवायला थांबलेले असतात.

याच गावात एकोणिसाव्या शतकात देवमासे मारायचा धंदा होता. मॉस लँडिंगला तर १९१९ ते १९२६ देवमासे कापायचा कारखाना चालला. पुढे सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीचे मासे डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले. मासेच संपले तसे तेही बंद पडले. त्यांतल्याच एका कारखान्याच्या जागी १९८४ साली मोठं मत्स्यालय उभं राहिलं. ते उभारायला पैसा दिला ह्यूलेट-पॅकार्डच्या डेव्हिड पॅकार्ड यांच्या कुटुंबाने, म्हणजे आमच्याच बिरादरीतल्या माणसाने. १९८६ पासून देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, १९९२ पासून तो सगळा समुद्र संरक्षित आहे. ज्या धक्क्यावरून एके काळी भाले घेऊन होड्या निघत, तिथून आता आमच्यासारखे दुर्बिणी घेऊन निघतात. माणूस सुधारू शकतो, फक्त वेळ लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे ते स्वतःसाठी वापरायचं आहे.

बोट निघाली. धक्क्याजवळ समुद्रसिंहांचा कलकलाट, आपल्या एसटी स्टँडसारखा. समुद्री शैवालात स्वतःला गुंडाळून पाठीवर झोपलेली पाणमांजरं. वाहून जाऊ नये म्हणून ती तसं करतात. लेक खूश. आणि मग तासाभरात धुकं आलं. असं धुकं की बोटीचं पुढचं टोक दिसेना. थंड पाण्यावरून येणाऱ्या हवेत ते उन्हाळ्यात हमखास येतं. मी मनात तिकिटाचे पैसे मोजले आणि म्हटलं, गेले.

तेव्हा कप्तानाने इंजिन बंद केलं. बोटीवरची मार्गदर्शक बाई म्हणाली, “आता कुणी बोलू नका. ऐका.”

साठेक माणसं गप्प. पाण्याची चुळचुळ. एक-दोन मिनिटं काही नाही. आणि मग डाव्या बाजूला, धुक्यात...

कसं सांगू? प्रेशर कुकरची शिट्टी नाही. फवाऱ्यासारखाही नाही. मोठ्या खोलीचं दार उघडून कुणीतरी खूप वेळ धरलेला श्वास एकदम सोडावा, तसा आवाज. खोल, लांब, ओला. मग तितकाच मोठा आत घेतलेला श्वास. मग शांतता. आणि काही सेकंदांनी वास. सडक्या मासळीचा, कोबी कुजल्यासारखा, नाकात बसणारा.

दिसलं काहीच नाही.

मित्रहो, माझ्या लेकीने माझा हात धरला होता, सगळे जण आनंदाने एकमेकांकडे बघत होते, आणि मी रेलिंगला धरून रडत होते. ‘आधी श्वास ऐकू आला. मग वास आला. दिसलं काहीच नाही.’ शब्दन् शब्द. क्रमसुद्धा तोच. हे एका चौदा वर्षांच्या मुलाने मला सांगितलं होतं. असला क्रम रचून सांगता येत नाही. ज्याने ऐकलाय त्यालाच तो माहीत असतो.

पुढे धुकं विरळ झालं आणि देवमासे दिसलेही. दोन हंपबॅक. हा प्राणी बारा-पंधरा मीटर लांब, वजन पंचवीस-तीस टन. नाकपुड्या डोक्यावर, दोन. आपण ज्याला कारंजं म्हणतो ते पाणी नसतं, उच्छ्वासातली वाफ आणि तुषार असतात. डुबी मारताना शेपटी वर आली आणि खालची काळीपांढरी नक्षी दिसली. ती प्रत्येक हंपबॅकची वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. शेपटीच्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखणारे प्रोग्राम आता आहेत. २०१८-१९ मध्ये कॅगलवर त्याची स्पर्धाच झाली होती. शेपटी खाली गेली की पाण्यावर तेलाच्या डागासारखा एक गुळगुळीत गोल उरतो. त्याला तिथले लोक पाऊलखूण म्हणतात. लाटा असूनही ती काही काळ तशीच राहते.

परतताना मार्गदर्शक बाईने आणखी एक सांगितलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यात माणसांच्या नमस्कारांबरोबर हंपबॅकचे आवाजही आहेत. मी तिला सांगितलं, त्याच तबकडीवर आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. तिला ते माहीत नव्हतं. तेवढीच माझी कॉलर ताठ.

पण घरी येताना गाडीत मी गप्प होते. आमच्या धंद्यात एक वाक्य फार बदनाम आहे: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ कुणी तक्रार करतो की अमुक बिघडलं, आपण आपल्या टेबलावर बघतो, आपल्याला ते दिसत नाही, आणि आपण तक्रार बंद करून टाकतो. नव्या मुलांना मी दर वर्षी शिकवते: तुम्हाला दिसलं नाही म्हणजे घडलं नाही असं नव्हे, त्याला आधी विचारा, तो कुठे होता, काय करत होता, नेमकं काय झालं. बावीस वर्षं हे शिकवतेय. सर, तुम्ही ते सांगाड्यासमोर एका वाक्यात सांगितलं होतंत. मी तेव्हा ऐकलं नाही.

नंतर मी वाचून काढलं. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत. जगातले इतर हंपबॅक हजारो किलोमीटर स्थलांतर करतात, हे करत नाहीत. बारा महिने इथेच राहतात. फार थोडे उरलेत, ओमानजवळ शंभराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. २०१७ साली ओमानला उपग्रहाचा टॅग लावलेली एक मादी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. कोकणापुढच्या पाण्यात ब्राइड्स व्हेल आणि ब्लू व्हेलही आहेत. म्हणजे मामांच्या होडीजवळ देवमासा येणं यात अशक्य काहीच नव्हतं. अशक्य होतं ते माझं दोन मिनिटं गप्प बसणं.

त्या धुक्यात मी फोनवर आवाज टिपायचा प्रयत्न केला होता. त्यात फक्त वारा आहे, आणि लेकीचं ‘आई, ऐकलंस?’ एवढंच. म्हणजे आज माझ्याकडेही पुरावा नाही. तुम्ही ‘म्हैस असेल’ म्हणालात तर मला काही बोलता येणार नाही.

तो आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. दोन वर्षांत मी तीनदा संदेश लिहिला आणि तीनदा पुसला. चारचौघांत केलेला अपमान एकट्यात माफी मागून फिटत नाही, असं वाटलं. म्हणून आज, ज्या वर्गासमोर हसले त्याच वर्गासमोर, आणि छापून लिहिलं होतं म्हणून आता स्मरणिकेतही छापून, सांगते.

मित्रा, तिसऱ्या रांगेत बसला आहेस. नाव घेत नाही, पण ते दुसरं नाव आजपासून रद्द. तू खरं बोलत होतास. म्हैस मीच होते. मला माफ कर.

बाकीच्यांना एक विनंती. तारकर्लीला, गुहागरला, दापोलीला मुलांना डॉल्फिन दाखवायला न्याल, तेव्हा होडीवाल्या दादांना सांगा, पाठलाग करू नका. पाच मिनिटं इंजिन बंद करा. दिसेल न दिसेल, ऐकू येईल.

सर, माझी वेळ संपली. माझ्या नावापुढची पाच मिनिटं उरली असतील तर ती त्याला द्या. त्या रात्री होडीत पुढे काय झालं, ते त्याला सांगायचं होतं. मी मध्येच तोडलं होतं.