बोटे वाकण्याआधी
(पालक मेळाव्यातील भाषण)



करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागले की घरात तेल चोळणे सुरू होते. त्यात वर्ष निघून जाते. बोटे वाकण्याची कारणे अनेक आहेत. पण आपल्या पालघर भागात कुष्ठरोग अजून आढळतो. म्हणून ते कारण आधी तपासून घ्यावे.

हा रोग कोपरापाशी असलेल्या मज्जातंतूला इजा करतो. हाताचे लहान स्नायू दुबळे होतात, बोटे वळतात, स्पर्श जातो. मग बोईसर-तारापूरच्या कारखान्यातील कामगाराला तापल्या पत्र्याचा चटका कळत नाही, घरात आईला तव्याचा कळत नाही. नकळत झालेल्या जखमा चिघळतात आणि त्यातूनच बोटे आखूड होतात.

सुरुवात साधी असते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तेथे स्पर्श कळत नाही. तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. ते ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो. हाताची शक्ती नुकतीच कमी झाली असेल आणि ६ महिन्यांच्या आत उपचार झाले, तर मज्जातंतू पुष्कळदा सावरतो.

वाकलेल्या बोटांवरही इलाज आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस धडधाकट स्नायूची कंडरा बोटांकडे वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी हे काम पुढे नेले. शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३ आठवडे प्लास्टर असते, पुढे नेटाने व्यायाम करावा लागतो. हात पुन्हा पेला धरतो, लेखणी धरतो. मात्र गेलेला स्पर्श सहसा परत येत नाही. म्हणून उशीर नको.

मुलीच्या लग्नाच्या भीतीने चट्टा लपवणाऱ्या मातापित्यांना एक सांगतो. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. हिंदू आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही होते. २०१९ साली संसदेने ते सर्व कायद्यांतून काढून टाकले. कायद्याने जो कलंक पुसला, तो आपण घरात का जपावा?

विद्यार्थी मित्रहो, वर्गातल्या कोणाच्या हातून लेखणी निसटू लागली तर हसू नका. त्याच्या घरी सांगा, गुरुजींना सांगा. वेळेवर उच्चारलेला एक शब्द एखाद्याचा हात वाचवील.