सवलतीतला हेडफोन आणि त्याच्या जोडीचा अ‍ॅम्प

आज कोलकात्यातून बोलतोय आणि विषय थोडा खर्चाचा आहे. इथे दुर्गापूजा जवळ आली, तिकडे तुमच्याकडे दसरा-दिवाळीची चाहूल लागली की ऑनलाइन दुकानांत सेल सुरू होतात. मग एखादा चाळीस-पन्नास हजारांचा हेडफोन एकदम पस्तीस टक्के सवलतीत दिसतो. वर्षभर मनात असलेली वस्तू असते, बोट बटणापाशी जातं. आणि त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं, ‘यासोबत हा अ‍ॅम्प घ्या.’ वाचलेले पंधरा हजार तिथे पुन्हा जातात. ते जायला हवेत की नाही, हे बटण दाबण्याआधी कागदावर काढता येतं. आज तेच करू.

आधी सवलतीबद्दल. महागडा हेडफोन स्वस्त होतो त्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं. नवी आवृत्ती आलेली असते, खोका उघडलेला असतो, किंवा दुकानात ऐकवायला ठेवलेला नमुना असतो. यातलं काहीच वाईट नाही. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी बेसूर होत नाही. पण चौथं कारणही असतं. माल अधिकृत आयातदाराकडून आलेला नसतो आणि भारतात त्याची वॉरंटी चालत नाही. ओळखायचं कसं? आपल्याकडे पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. विक्रेत्याकडून खोक्याच्या त्या स्टिकरचा फोटो मागवा. सवलत ज्या किमतीवर मोजली आहे ती खरी छापील किंमत आहे का, हेही त्याच फोटोत कळतं. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

आणि सुटे भाग पाहा. कानावरच्या गाद्या दोन-तीन वर्षांत बसतात, वायर तुटते. सेनहायझरच्या एचडी ६००, एचडी ६५० या घराण्यात गाद्या आणि वायर हाताने काढून बदलता येतात. एचडी ६०० हे १९९७चं मॉडेल, आजही लोक वापरतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. माझ्या मते असा दुरुस्त होणारा जुना हेडफोन हा चिकटवून बंद केलेल्या नव्यापेक्षा केव्हाही चांगला सौदा.

आता अ‍ॅम्प. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. एक इम्पिडन्स, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली तर किती डेसिबल आवाज निघतो. दुसऱ्या आकड्यात एक खोच आहे. काही कंपन्या तो एक व्होल्टला देतात, काही एक मिलिवॉटला. या दोन आकड्यांची सरळ तुलना केली की सगळं गणित चुकतं. त्यामुळे आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

उदाहरण घेऊ. एचडी ६५०, तीनशे ओहम, एक व्होल्टला १०३ डेसिबल. आपण घरी आरामात ऐकतो ते सरासरी पंचाहत्तर डेसिबलच्या आसपास. ख्यालात गायिका तार षड्जाला पोचते, तबला जोरात वाजतो, तेव्हा क्षणभर आवाज वीसएक डेसिबलनी वर जातो. म्हणजे पंचाण्णव. त्यात आणखी पंधरा धरा, कारण जुन्या मैफलींचं ध्वनिमुद्रण फार हळू आवाजात केलेलं असतं आणि व्हॉल्यूम पूर्ण वर न्यावा लागतो. झाले एकशे दहा. हे एकशे दहा ऐकायचे नाहीत बरं का, ती अ‍ॅम्पकडची शिल्लक आहे.

एचडी ६५०ला एकशे दहा गाठायला सव्वादोन व्होल्ट लागतात. वीज किती? जेमतेम सतरा मिलिवॉट. जाहिरातीत अ‍ॅम्पवर ‘दोन वॉट’ असं ठळक छापलेलं असतं, म्हणजे दोन हजार मिलिवॉट. लागतात सतरा! साध्या मोबाइल डोंगलमधून अर्धा ते एक व्होल्ट मिळतो, म्हणजे ९७ ते १०३ डेसिबल. हिंदी-मराठी सिनेमाची आजची गाणी मुळातच इतक्या जोरात मुद्रित असतात की त्यांना हे भरपूर आहे. हळू मुद्रित ख्यालाला मात्र अर्धा व्होल्ट अपुरा पडतो. बोटाएवढा दोन व्होल्ट देणारा डोंगल घेतला की १०९ डेसिबल. काम जवळजवळ झालं.

आता उलट टोक. हायफायमॅनचा एडिशन एक्सएस, प्लॅनर जातीचा. अठरा ओहम, एक मिलिवॉटला ब्याण्णव डेसिबल. लोकांना वाटतं ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा. गणित करा. एकशे दहाला त्रेसष्ट मिलिवॉट लागतात. व्होल्ट फक्त एकाच्या थोडे वर, पण करंट एकोणसाठ मिलिअ‍ॅम्पियर. एचडी ६५०ला तोच आवाज काढायला साडेसात पुरतात. म्हणजे एकाला पाण्याची टाकी उंचावर हवी, दुसऱ्याला जाड नळ हवा. या दुसऱ्यासाठी अ‍ॅम्प पाहताना तीनशे ओहमचा आकडा कामाचा नाही. बत्तीस ओहमला शंभर मिलिवॉटच्या आसपास किंवा वर देतो का, ते पाहायचं. आणि एवढं देणारी उपकरणं आज छोटी आणि परवडणारी आहेत.

तिसरी गोष्ट थोडक्यात. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्सही असतो. तो हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तो शंभर ओहमसुद्धा असतो. एचडी ६५०चा इम्पिडन्स खालच्या सुरांत तीनशेवरून पाचशेच्या आसपास चढतो, त्यामुळे अशा अ‍ॅम्पवर बास सुमारे एक डेसिबलने फुगतो. लोक याला ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात. ती आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त एक डेसिबल बाससाठी किती पैसे मोजतोय ते माहीत असू द्या.

कोलकात्यातून हे बोलायला आणखी एक निमित्त आहे. आपल्याकडच्या रेकॉर्डिंगची सुरुवात याच शहरातली. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग इथे आला आणि गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात. १९०८मध्ये सियालदहला कारखाना झाला, १९२८मध्ये दमदमचा. आजोबांच्या ट्रंकेत नाट्यगीतांच्या एचएमव्हीच्या तबकड्या असतील तर लेबल पाहा, ‘दमदम’ दिसण्याची शक्यता बरीच आहे. पण त्यासोबत एक व्यवहाराचं सांगतो. १९२५च्या आधीची मुद्रणं भोंग्यासमोर गाऊन झाली, मायक्रोफोन नव्हता. त्यांत पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाही. तुम्ही मुख्यतः त्या काळातलं ऐकत असाल तर पन्नास हजारांचा हेडफोन तुम्हाला सुयांची खरखर अधिक स्पष्ट ऐकवेल, एवढंच. तिथे मध्यम किमतीचा आरामदायी हेडफोन घ्या आणि उरलेल्या पैशांत मिर्झा गालिब स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्ड धुंडाळा. साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपी आणि पुढची मुद्रणं ऐकणाऱ्याला मात्र चांगल्या हेडफोनमध्ये तंबोऱ्याच्या जवारीपासून फरक कळतो.

आता दुकानात ऐकण्याबद्दल. दुकानदार दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवतो, महागडा जरा मोठ्याने वाजतो आणि आपल्याला तोच गोड वाटतो. कानाची रीतच ती आहे, अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. उपाय इथल्या चांदनी चौकाच्या बाजारात काही शे रुपयांत मिळतो: मल्टीमीटर. तुमच्या गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळेल. हेडफोन दुहेरी जॅकवर जोडलेला ठेवा, मोबाइलवरून दोनशे हर्ट्झचा सूर लावा, एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही अ‍ॅम्पवर तो आकडा सारखा करा. हेडफोन कानावर ठेवून हे करू नका. मग गाणं लावून कुणाला तरी वायर बदलायला सांगा, तुम्ही पाठ फिरवून बसा. किती वेळा ओळखता आलं ते लिहून ठेवा. दहापैकी पाचदा ओळखलं तर पैसे खिशात राहू द्या.

एक काळजीचं बोलतो. असे हेडफोन बहुतेक मागून उघडे असतात. आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. वर पंखा, खिडकीखाली बसचे हॉर्न, मग आपण नकळत व्हॉल्यूम चढवतो, आणि नवा दणकट अ‍ॅम्प तो चढवू देतो. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास ही कामगारांसाठीची शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे चौऱ्याण्णवला एकच तास. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही सेलमध्ये परत मिळत नाही. रस्त्यालगत राहत असाल तर मागून बंद हेडफोन घ्या, थोडा कमी मोकळा वाजला तरी चालेल. आणि अ‍ॅम्पवर ‘लो गेन’चं बटण असेल तर तेच ठेवा. ‘हाय गेन’वर व्हॉल्यूमची मूठ नऊ वाजताच्या खुणेवरच थांबते, बारीक कमी-जास्त करता येत नाही आणि चुकून हात लागला तर कानाला दणका बसतो.

क्रम असा ठेवा. आधी गणित, मग हेडफोन, तो हातातल्याच फोन-लॅपटॉपवर परतीच्या मुदतीत रोज ऐका. व्हॉल्यूम शंभरावर नेऊनही ख्याल हळू वाटला, तरच अ‍ॅम्प. जोडीच्या ऑफरमधला अ‍ॅम्प वेगळा घेतला तर केवढ्याला मिळतो तेही बघा.

राहिला पाऊस. कोलकात्यात, कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि कापडी गाद्यांवर बुरशी चढते. घामेजलेला हेडफोन लगेच खोक्यात ठेवू नका. तासभर पंख्याखाली वाळू द्या, मग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारी जेल मिळाली तर उत्तम. निळीची गुलाबी झाली की काढून मंद आचेवर तव्यात सुकवायची आणि पुन्हा वापरायची, फक्त तो तवा नंतर पोळ्यांना घ्यायचा नाही.