उजनीचा मासा, बिनतळणीचा



परदेशातली मुलं फोनवर सांगतात, "बाबा, सॅमन खा." तो थंड पाण्याचा मासा, जळोचीत कुठला? पण भिगवणला उजनीची ताजी चिलापी मिळते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, म्हणून मासा कशाला सोडायचा?

अर्धा किलोची चिलापी साफ करून चिरा द्या. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, चमचाभर तेल चोळा. वर लिंबाच्या चकत्या ठेवा. लिंबू तासन्‌तास चोळून ठेवू नये. आंबटाने मांस आधीच आवळतं, मग कोरडं पडतं. फॉइलमध्ये गुंडाळून, तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर 25 मिनिटं. काट्यापासून मांस सुटलं की झालं.

तळणीसारखा वास जिनाभर जात नाही, शाकाहारी शेजारीही खूश. आणि एकट्या राहणाऱ्या सभासदाला अर्धा मासा जरूर द्या.