हिमवादळ आणि इतर वादळें



पुण्यांत बसून हिमवादळावर बोलणें कांहींजणांस चमत्कारिक वाटेल. आपल्या शहराचा बर्फाशीं संबंध फार तर एवढाच, कीं हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून येथें आली आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. परंतु याच शहरांतून दरवर्षी कितीतरी तरुण-तरुणी हिमालयांत पदभ्रमणास जातात. त्यांच्या घरच्या मंडळींना तरी हा विषय परका नाहीं.

पुष्कळ बर्फ पडला म्हणजे हिमवादळ झालें, असें नव्हे. अमेरिकेच्या हवामानखात्याची व्याख्या अशी: वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें ५६ किलोमीटर किंवा अधिक असावा, उडत्या बर्फामुळें सुमारें ४०० मीटरपलीकडचें दिसेनासें व्हावें, आणि ही स्थिति निदान ३ तास टिकावी. नवा बर्फ पडलाच पाहिजे अशी अट नाहीं. पूर्वीं पडलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्यानें उचलला तरी पुरे. अंटार्क्टिकावर असें वारंवार घडतें. तेथील उंच पठारावरची थंड, जड हवा उतारावरून पाण्यासारखी समुद्राकडे घसरते व वाटेंतला बर्फ उधळीत नेते. भारताच्या ‘मैत्री’ तळावर राहणाऱ्यांस हा अनुभव नवा नाहीं.

आतां आपल्या ओळखीचीं वादळें घ्या. वळीव हा तापलेल्या जमिनीचा उद्रेक. दुपारीं ढग चढतात, धूळ उठते, विजा कडाडतात, क्वचित् गाराही पडतात, आणि तासा-दोन तासांत आकाश निवळतें. चक्रीवादळ हें उबदार समुद्राचें अपत्य. सुमारें २६ अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याची वाफ हें त्याचें इंधन. म्हणून जमिनीवर आलें कीं तें क्षीण होऊं लागतें. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेलें ‘निसर्ग’ पुण्याकडे येतां येतां दुबळें झालें, तरी झाडें उन्मळण्याइतकें बळ त्यांत उरलें होतें. समशीतोष्ण देशांतील हिमवादळ बहुधा थंड व उबदार हवेच्या झुंजींतून जन्मतें. त्याला तापलेला समुद्र लागत नाहीं. तें भर जमिनीवरही शेंकडों किलोमीटर चालतें.

संहाराची रीतिही निराळी. नोव्हेंबर १९७० मधील भोला चक्रीवादळानें आजच्या बांगलादेशांत निदान ३ लाख माणसें घेतलीं, तीं मुख्यतः किनाऱ्यावर चढलेल्या समुद्राच्या पाण्यानें. फेब्रुवारी १९७२ मध्यें इराणांत हिमवादळानें सुमारें ४,००० माणसें गेलीं. तेथें गांवेंच्या गांवें बर्फाखालीं गाडलीं गेलीं. उघड्यावर सांपडलेल्या माणसाची तर हिमवादळ प्रथम दृष्टि हिरावतें, मग दिशा, आणि शेवटीं अंगांतली ऊब.

हीं दोन वादळें एकमेकांपासून दूर राहतात, असेंही समजूं नये. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले, हिमालयावरील थंड हवेला भिडले, आणि दोनच दिवसांत नेपाळच्या अन्नपूर्णा भागांत त्यांतील वाफ हिमवादळ होऊन कोसळली. ऑक्टोबर हा तेथील पदभ्रमणाचा ऐन हंगाम. चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं; कांहीं हिमलोटांखालीं, तर कांहीं ५,४१६ मीटर उंचीच्या थोरंग खिंडीच्या परिसरांत थंडीनें. बंगालच्या उपसागरावरील वादळाची बातमी डोंगरांतल्या वाटसरूच्याही कामाची असते, ती अशी.

म्हणून प्रत्येक वादळाचा शिष्टाचार निराळा. चक्रीवादळ येण्यापूर्वींच किनारा सोडावा. वळिवांत झाडाखालीं उभें न राहतां पक्क्या छपराखालीं जावें. हिमवादळांत मात्र निवारा असेल तेथेंच थांबावें. वाट ओळखीची असली तरी निघूं नये. अंटार्क्टिकावरील तळांवर एका इमारतीपासून दुसरीपर्यंत दोर बांधून ठेवतात, कारण तेवढ्या अंतरांतही माणूस चुकतो.

हें थांबणें बोलण्याइतकें सोपें नाहीं. गाडीचें तिकीट काढलेलें असतें, रजा संपत आलेली असते, घरीं वाट पाहणारें कोणी असतें. तेव्हां आपल्या घरांतून कोणी हिमालयाकडे निघालें, तर लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एवढें आश्वासनही द्या, कीं दोन दिवस उशीर झाला तरी कोणी रागावणार नाहीं.