अंगणवाडीतले गप्प मूल

सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या अंगणवाडीत पाण्याने भरलेला तांब्या मधोमध ठेवला, तर त्यातल्या पाण्याला तीन नावे मिळतात. सेविका म्हणते ‘पाणी’. गावठाणातले मूल म्हणते ‘नीळ्ळु’, कारण त्याच्या घरी तेलुगू बोलली जाते. जंगलाच्या आतल्या टोल्यावरून आलेले मूल म्हणते ‘एर’, कारण त्याची आई माडिया बोलते. आणि चौथे एक मूल काहीच म्हणत नाही. ते तांब्याकडे पाहते, सेविकेच्या ओठांकडे पाहते आणि गप्प राहते. या चौथ्या मुलाच्या नावापुढे काय लिहावयाचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सिरोंचा महाराष्ट्राच्या अगदी दक्षिण-पूर्व टोकाला, प्राणहितेच्या काठी वसले आहे. नदीच्या पलीकडे तेलंगण, इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहिता पुष्करासाठी येथे स्नानाला लोटलेली गर्दी पुष्कळांना स्मरत असेल. इंग्रजी अमदानीत हे गाव अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते; १८७४ नंतर ते चांदा जिल्ह्यात आले आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाल्यावर त्यात गेले. जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे आणि वाट आलापल्लीच्या जंगलातून जाते. पावसाळ्यात नाले भरले, की हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही.

अशा ठिकाणी त्या गप्प मुलाच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक सर्वांच्या परिचयाची आहे. मूल तेलुगू किंवा माडिया जाणते, मराठीत विचारलेले त्याला उमगत नाही, म्हणून ते उत्तर देत नाही. आणि महिना-दोन महिन्यांत ‘मंद आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. असा शिक्का पहिल्या इयत्तेपर्यंत सोबत जातो. दुसरी चूक मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादे मूल खरोखरच ऐकू येत नसल्यामुळे गप्प असते. पण ‘त्याची भाषा वेगळी आहे, शिकेल हळूहळू’ असे म्हणून सद्हेतूनेच त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. पहिल्या चुकीत शहाण्या मुलाला अपंग ठरवले जाते, दुसरीत अपंगत्व दिसत असूनही ते दिसत नाही. परिणामांच्या दृष्टीने दुसरी अधिक घातक, कारण तिच्यात वेळ जातो. जन्मतः बहिरे असलेले मूल सहा महिन्यांच्या आत ओळखले जाऊन त्याच्यावर काम सुरू व्हावे, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. कानात शस्त्रक्रियेने बसवावयाच्या कॉक्लिअर यंत्रासाठी केंद्र शासनाची जी मदत मिळते, तीही जन्मतः बहिऱ्या मुलाला लहान वयातच मिळते. सहाव्या वर्षी शाळेत नाव घालताना लक्षात आले, तर गाडी निघून गेलेली असते.

हे टाळण्यासाठी यंत्र लागत नाही. मुलाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बेताने उभे राहून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवावा. मग हलक्या आवाजात त्याचे नाव घ्यावे. आजीला विचारावे, आई हाक मारते तेव्हा ते वळते का? बकरीचे ओरडणे त्याला कळते का? ही वैद्यकीय तपासणी नव्हे, हे खरे. परंतु पुढच्या तपासणीला कोणाला धाडावयाचे, एवढे यातून ठरते. आणि बुद्धीविषयीचा कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी मुलाला त्याच्या आईच्या भाषेत विचारले गेलेच पाहिजे. सेविकेला ती भाषा येत नसेल, तर मदतनीस, आशा किंवा थोरली बहीण दुभाषी होऊ शकते. सिरोंचात दुभाष्यांची टंचाई कधीच नव्हती. विचारावे, अशी रीत पडलेली नाही.

येथे थोडे इतिहासात डोकावणे आवश्यक आहे. आपल्याकडे असा समज आहे की, बालशिक्षण हे धडधाकट मुलांसाठी निर्माण झाले आणि विशेष गरजा असणाऱ्या मुलांना त्यात पुढे उदारपणे जागा देण्यात आली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मारिया माँटेसोरी ही इटलीतील डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करीत होती. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांसाठी केलेल्या प्रयोगांचा तिने अभ्यास केला आणि हाताने चाचपून, उचलून, लावून शिकण्याची साधने घडवली. त्यातली काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा लोक तिचे कौतुक करू लागले; ती मात्र निरोगी मुले एवढ्यावरच का थांबतात, या विचारात पडली. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत तिने जे बालगृह उघडले, ते त्या विचाराचे फळ. जगभरच्या बालवाड्यांतून दिसणारे मणी, ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे यांचे मूळ त्या मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात आहे.

हीच पद्धती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात भारतीय मातीत रुजवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांचे काम चालले. विकत आणलेली महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, काड्या त्यांनी शिक्षणात आणल्या. मुले येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथलाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला. तेव्हा सिरोंचातील त्या चौथ्या मुलाला अंगणवाडीत बसवणे हा कोणाचा उपकार नाही. ज्या शिक्षणपद्धतीचा वारसा अंगणवाडी सांगते, ती त्याच्यासारख्यांच्याच वर्गात जन्मली.

अंतराच्या प्रश्नावरही जगात उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे लहान गाव आहे. १९६९ साली तेथे प्रश्न उभा राहिला : घरे दूरदूर विखुरलेली, विशेष मुले थोडी आणि लांबलांबची, केंद्रात आणणार कशी? उपाय असा निघाला की, शिक्षिकेने आठवड्यातून एकदा घरी जावे, आईला एक-दोन कृती करून दाखवाव्यात, आईने त्या आठवडाभर करवून घ्याव्यात आणि पुढच्या भेटीत काय जमले ते पाहावे. त्यासाठी जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कौशल्यांची यादी बनली. ही पद्धती पुढे अनेक देशांत गेली, भारतातही आली. सिरोंचाच्या परिस्थितीला तिच्याइतके अनुरूप दुसरे काही सापडणे कठीण, कारण येथेही गाव लहान, रस्ता लांब आणि खरी शिक्षिका आई आहे.

आई काय करू शकते? सदरा घालण्यासारखी साधी गोष्ट घ्यावी. बौद्धिक विकास मंद असलेल्या मुलाला ‘सदरा घाल’ म्हणणे म्हणजे एका दमात दहा कामे सांगणे होय. म्हणून आईने नऊ कामे स्वतः करावी आणि शेवटचे, म्हणजे पोटावरून सदरा खाली ओढण्याचे, मुलावर सोपवावे. ते जमले की शेवटची दोन सोपवावी. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते, ही त्यातली खुबी. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याला बसता येत नाही, त्याला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावून बसवता येते. मग दोन्ही हात खेळायला मोकळे होतात. अशा मुलाला आडवे ठेवून भरवणे धोक्याचे, अन्न श्वासनलिकेत जाते. चालण्याच्या सरावासाठी समांतर लावलेल्या दोन बांबूंचा कठडा गावातला कोणीही तासाभरात उभा करील, आणि बांबूला गडचिरोलीत तोटा नाही. ज्याला कमी दिसते, त्याला दाराजवळच्या उजेडात बसवावे. ऐकू कमी येणाऱ्या मुलाशी बोलताना सेविकेच्या तोंडावर उजेड हवा, पाठीवर नको; अन्यथा ओठ दिसत नाहीत. अक्षर गिरवायला नदीची वाळू ताटात पसरली, की माँटेसोरीच्या खरखरीत अक्षरांचे काम भागते.

या जिल्ह्याला अगदी आपल्या म्हणाव्या अशा दोन व्याधी आहेत, त्यांचा वेगळा उल्लेख हवा. एक सिकलसेल. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने जे २१ प्रकार मान्य केले, त्यांत तो आहे. हे मूल दिसायला इतरांसारखेच असते. पण अंगदुखीने वरचेवर गैरहजर राहते, सारखे पाणी मागते आणि सारखे लघवीला जाते. त्याच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. ‘चाळे करतो’ म्हणून त्याला रागावणारी सेविका दुष्ट नसते, तिला कोणी सांगितलेले नसते. दुसरी व्याधी मलेरिया. तो मेंदूत गेला आणि मूल वाचले, तरी काहींच्या मागे झटके लागतात, काहींची वाचा वा चाल अडते. ताप उतरला म्हणजे सारे संपले, असे अशा घरी मानू नये.

शासनाने काही केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची योजना आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. परंतु २०१६ चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा वर्षांसाठी. ज्या वयात सर्वाधिक साधते, ते वय या हक्काच्या उंबऱ्याबाहेर राहते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाचा पाया मानला, तेव्हा ही विसंगती अधिकच खुपू लागली.

शिवाय घरातली एक अडचण कोणत्याही परिपत्रकाने दूर होणारी नाही. मूल असे जन्मले की बोल आईला लागतो. कोणी ग्रहण सांगते, कोणी पूर्वजन्मीचे पाप. ज्यांना परंपरेचा आधार हवा, त्यांनी विदर्भातच पाहावे. संत गुलाबराव महाराज नवव्या महिन्यात दृष्टी गमावलेले. त्यांना इतरांनी ग्रंथ वाचून दाखवले, त्यांनी ऐकले, आणि पुढे त्यांनी सांगितलेले इतरांनी लिहून घेतले. शंभराहून अधिक ग्रंथ झाले. त्या थोरवीत त्यांची प्रज्ञा होती, यात शंका नाही. पण वाचून दाखवणाराही कोणी होता, हे सांगायचे राहून जाते.

असे वाचून दाखवणारे आज हवे आहेत. ३ डिसेंबरला दिव्यांगदिनी खाऊ व वह्या वाटणारे पुष्कळ असतात. सिरोंचाच्या आईला गरज निराळीच असते. गडचिरोलीला जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असला तर वर्षाची मिळकत बुडते. तेथे रात्री राहायचे कोठे, चिठ्ठी कोणत्या खिडकीवर द्यायची, डॉक्टर मराठीत बोलले ते तेलुगूत सांगणार कोण? गडचिरोलीत घर असलेल्या एखाद्या कुटुंबाने वर्षातून चार वेळा अशा मायलेकरांना एक रात्र ठेवून घेतले आणि घरातल्या कोणी त्यांच्याबरोबर रुग्णालयात जाऊन बसले, तर त्या मुलाची तपासणी अर्धवट सुटत नाही. सिरोंचातल्या ज्या तरुणांना दोन्ही भाषा येतात, त्यांनी महिन्यातला एक दिवस जवळच्या अंगणवाडीला द्यावा. तेलुगूतली गाणी, माडियातली नावे सेविकेला लिहून द्यावी.

आणि त्या चौथ्या मुलाच्या नावापुढे ‘मंद’ वा ‘मुका’ काहीही लिहू नये. तेलुगूत विचारले, माडियात विचारले, कानांची तपासणी बाकी, एवढेच लिहावे. शेजारी आजची तारीख, आणि त्याला गडचिरोलीला कोण घेऊन जाणार त्याचे नाव.